खिळ्यावरचे बिल्ले

जुबैलच्या स्टोअरमध्ये, दार उघडलं की डाव्या हाताला
एक खिळा आहे. मीच ठोकला.
दर रविवारी, इथला आठवडा सुरू होताना,
सव्वीस बिल्ले त्यावर टांगायचो.

बिल्ला म्हणजे रुपयाएवढी कोळशाची चकती,
प्लास्टिकच्या डबीत. कॉलरला लावायची,
पाळी संपली की झाकण दाबून लॅबला धाडायची.
माणूस ओढतो तीच हवा ती ओढते
आणि काय ओढलं ते सांगते.

सेफ्टीचा फारिस म्हणाला,
टाकीत बिल्ले भिजतात, हरवतात, दंड मला बसतो.
इथंच टांग.
मी टांगले.
एसीच्या झोताखाली, चहाच्या किटलीशेजारी
आठ आठ तास सव्वीस माणसं
थंड, स्वच्छ हवा घेत राहिली.

अहवाल यायचा : आढळले नाही.
पुढच्या महिन्यात : आढळले नाही.
हजार दिवस झाले तेव्हा केक कापला होता.
दाऊदनं क्रीम माझ्या मिशीला लावलं.

दाऊद हमदुले. खेडचा. चौदा नंबर.
मॅनहोलमधून आधी पाय, मग पोट, मग दोन्ही हात वर करून
तो टाकीत उतरायचा, शरण गेल्यासारखा,
आणि तळाचा काकवीसारखा गाळ फावड्यानं ओढायचा.
एकदा म्हणाला, सुधाकर, वास गोड येतो रे,
पिकल्या फणसावर कुणी रॉकेल सांडावं तसा.
मी म्हटलं, फडका बांध.
तो म्हणाला, बांधलाय की.

आता तो घरी आहे.
ब्रश केला की बेसिन लाल होतं.
मांडीवर जांभळं चिरडल्यासारखे डाग, कुठं आपटला नाही तरी.
मुंबईच्या डॉक्टरनं पहिलं विचारलं,
लोट्याच्या कारखान्यात होतात का?
नाही म्हणाला, त्याच्याहून लांब.
हाडांच्या आत रक्त तयार होतं म्हणे,
ते व्हायचं थांबलंय.

दम्मामच्या वकिलानं दावा लावलाय.
कंपनीच्या उत्तराला जोडलेत नऊ वर्षांचे अहवाल,
आणि खाली एक ओळ, अरबीत, मी दोघांकडून वाचून घेतली :
कामगाराचा सदर रसायनाशी संपर्क आल्याचा पुरावा नाही.
त्याच्यामागे माझं रजिस्टर.
बिल्ले दिले. बिल्ले परत घेतले.
सव्वीस नावं, सव्वीस टिका, सही स. तळेकर.
अक्षर चांगलं आहे माझं, शाळेत बक्षीस होतं.

काल हलीमाचा व्हॉइस मेसेज आला.
मागं मिक्सर चालू होता, मग बंद झाला.
भावोजी, ह्यांच्या कॉलरला तुम्हीच लावायचात ना तो बिल्ला?
मग त्यात आलं असंल ना सगळं?
तेवढा शोधून द्या. वकील म्हणतो, कागद पायजे.

माझा इकामा मार्चमध्ये संपतो.
धाकटी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.
हे मी हलीमाला सांगितलं नाही, स्वतःला सांगितलं,
तीनदा, बाथरूमचा नळ सोडून.

आज पहाटे स्टोअर उघडलं.
चौदा नंबर काढला, माझ्या कॉलरला लावला,
आणि सात नंबरच्या टाकीशी, मॅनहोलच्या तोंडाशी
उकिडवा बसून राहिलो. पाळी संपेपर्यंत.
आत दोन नवी पोरं होती, बिहारची.
एकानं विचारलं, चाचा, कुछ गिरा है क्या?

वास येतो. दाऊद म्हणाला तसाच.
साडेनऊनंतर येईनासा झाला.

झाकण दाबलं, पाकिटात घातलं.
अहवालाला पंधरा दिवस लागतात.
पाकिटावर एक रकाना आहे : वापरणाऱ्याचे नाव.
किटली उकळतेय,
खिळ्यावर पंचवीस बिल्ले हलतायत एसीच्या वाऱ्यानं,
आणि मी पेन टेकवलंय,
शाईचा ठिपका मोठा होत चाललाय कागदावर.